साखर पोटात गेली की झटका थांबायचा, या कोड्याचं उत्तर शोधणारा सर्जन : ॲलन व्हिपल

२०१८ मध्ये इरफान खानने आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झाल्याचं जाहीर केलं आणि हा अवघड शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सला स्वादुपिंडात झालेली गाठही याच जातीची. २००४ मध्ये जॉब्सवर जी शस्त्रक्रिया झाली, तिला जगभर व्हिपल ऑपरेशन म्हणतात.

पण हे व्हिपल कोण?

ॲलन ओल्डफादर व्हिपल यांचा जन्म २ सप्टेंबर १८८१ चा, पर्शियातल्या म्हणजे आजच्या इराणमधल्या उर्मियाचा. आईवडील अमेरिकन मिशनरी. पुढे अमेरिकेत प्रिन्स्टनला शिक्षण झालं, १९०८ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून ते डॉक्टर झाले आणि १९२१ मध्ये तिथेच सर्जरीचे प्रोफेसर.

नेमकं त्याच वर्षी टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला. इन्सुलिन रक्तातली साखर कमी करतं. मग डॉक्टरांच्या डोक्यात उलटा प्रश्न आला. शरीरानेच जास्त इन्सुलिन बनवलं तर?

तसं खरंच होत होतं. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची छोटी बेटं असतात. तिथे गाठ झाली की ती भूक-जेवण न बघता इन्सुलिन सोडत राहते. या गाठीला इन्सुलिनोमा म्हणतात. साखर उतरते, घाम सुटतो, माणूस बरळतो, कधी फिट येते. १९२९ मध्ये टोरांटोच्या रॉस्को ग्रॅहम यांनी अशी गाठ काढून रुग्णाला बरं केलं.

आणि इथून नवी अडचण सुरू झाली. चक्कर येते, साखर कमी आहे, म्हणून पोटं उघडली जाऊ लागली. अनेकांच्या पोटात गाठच सापडेना.

व्हिपल यांनी तेव्हा तीन अटी घातल्या. एक, त्रास उपाशीपोटी किंवा कष्टानंतर व्हायला हवा. दोन, त्याच वेळी रक्तातली साखर ५० च्या खाली असायला हवी. तीन, साखर दिली की त्रास थांबायला हवा. तिन्ही जुळल्या तरच पुढचा विचार. १९३५ मध्ये त्यांनी पॅथॉलॉजिस्ट व्हर्जिनिया फ्रँट्झ यांच्यासोबत या गाठींवर निबंध लिहिला. या अटी आज व्हिपल्स ट्रायड म्हणून शिकवल्या जातात.

त्याच वर्षी त्यांनी स्वादुपिंडाच्या डोक्याकडचा भाग काढायचं ऑपरेशन मांडलं, तेही दोन टप्प्यांत. ६ मार्च १९४० ला जठराचा कॅन्सर समजून त्यांनी एका रुग्णाचं पोट उघडलं, तर गाठ निघाली स्वादुपिंडात. त्यांनी सगळं एकाच बैठकीत उरकलं. तपासणीत ती गाठ याच बेटांच्या पेशींची, म्हणजे न्यूरोएंडोक्राइन निघाली. तो रुग्ण पुढे ९ वर्षं जगला. व्हिपल यांनी आयुष्यात अशी ३७ ऑपरेशनं केली. १९६३ मध्ये त्यांचं निधन झालं.

आता याचा आपल्याशी काय संबंध?

इंदापूर तालुक्यातलं सणसर घ्या. शेजारी भवानीनगरचा छत्रपती कारखाना, सगळा उसाचा पट्टा. पहाटे उपाशीपोटी उसाला पाणी द्यायला गेलेला माणूस बांधावर घामाघूम होऊन बरळायला लागला, तर लोक काय म्हणतील? कुणी फिट म्हणेल, कुणी पिऊन आलाय म्हणेल, कुणी बाहेरचं काहीतरी. गोड चहा पोटात गेला की तो ताळ्यावर येतो आणि विषय तिथंच संपतो.

तो संपायला नको. बऱ्याचदा कारण डायबिटीसची गोळी किंवा इन्सुलिनचा डोस असतो. पण औषध चालू नसताना असं वारंवार होत असेल, तर त्या क्षणी ग्लुकोमीटरवर साखर मोजणं सगळ्यात महत्त्वाचं. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

इन्सुलिनोमा दुर्मीळ आहे, वर्षाला १० लाखांत १ ते ४ जणांना होतो. पण त्यातल्या सुमारे ९० टक्के गाठी कॅन्सरच्या नसतात आणि ऑपरेशनने माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. निदानासाठी देखरेखीखाली ७२ तासांपर्यंत उपाशी ठेवून रक्त तपासतात, मग सीटी स्कॅन किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफीने गाठ शोधतात. पसरलेल्या न्यूरोएंडोक्राइन गाठींवर मुंबईत परळला ल्युटेशियम हे किरणोत्सारी औषधही दिलं जातं.

मशिनं बदलली, औषधं बदलली. पण संशय कधी घ्यायचा, हे आजही डॉक्टर व्हिपल यांच्या त्या तीन अटींवरूनच ठरवतात.