हिमरात्रीचा विद्यार्थी

रोआल्ड आमुंडसेन याचा जन्म १८७२ साली नॉर्वे देशात झाला. त्याने डॉक्टर व्हावे अशी त्याच्या आईची इच्छा होती. तिच्यासाठी तो वैद्यकाचा अभ्यास करी खरा; पण त्याचे चित्त ध्रुवप्रदेशाकडे लागलेले असे. थंडीची सवय व्हावी म्हणून ऐन हिवाळ्यात तो खिडक्या उघड्या ठेवून निजे. तो एकवीस वर्षांचा असताना आई वारली आणि त्याने तो अभ्यास सोडला. मानवी देहाविषयीचा खरा पाठ त्याला बर्फातच मिळावयाचा होता.

१८९७ साली तो ‘बेल्जिका’ जहाजावर अधिकारी म्हणून निघाला. मार्च १८९८ मध्ये हे जहाज दक्षिणेकडील बर्फात असे रुतले, की वर्षभर सुटले नाही. मे महिन्यात सूर्य मावळला, तो सुमारे ७० दिवस उगवलाच नाही. त्या दीर्घ रात्रीने माणसांना पोखरून काढले. चेहरे फिकट पडले, पाय सुजले, झोप उडाली. काहींचे मनही भ्रमले. डांको नावाचा शास्त्रज्ञ मूळचाच हृदयाने दुबळा. तो जूनमध्ये मरण पावला.

जहाजावर कुक नावाचा अमेरिकन डॉक्टर होता. डब्यातील अन्नात काहीतरी उणे आहे, हे त्याने ताडले व सील आणि पेंग्विन यांचे ताजे मांस खाण्याचा आग्रह धरला. त्या मांसाला उग्र वास येई. मोहिमेचा नायकच त्यापासून तोंड फिरवी. आमुंडसेनने मात्र ते मुकाट्याने खाल्ले. आजाऱ्यांना कुक रोज पेटत्या शेगडीच्या उजेडापुढे उभे करी. हळूहळू माणसे सावरली. नायकानेही अखेर हट्ट सोडला. ‘क’ जीवनसत्त्व तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. अंधार, एकांत आणि ताण यांमुळे शरीराची रोगप्रतिकारशक्ती बिघडते व अंगात सुप्त असलेले विषाणू पुन्हा जागे होतात, हे तर अंटार्क्टिकावरील तळांवर कितीतरी वर्षांनी अभ्यासले गेले.

हा पाठ आमुंडसेन विसरला नाही. १९११ च्या हिवाळ्यात व्हेल उपसागराकाठी त्याने आपल्या माणसांना सीलचे ताजे मांस नेमाने खाऊ घातले. १४ डिसेंबर १९११ रोजी तो चार सोबत्यांसह दक्षिण ध्रुवावर पोहोचला आणि पाचही जण धडधाकट परतले. कुत्रे मात्र निघताना ५२ होते, परतले ११. वाटेत त्यांतील कित्येकांचे मांस अन्न म्हणून वापरले गेले. ही गोष्ट कठोर होती. ती झाकण्याचे कारण नाही.

कुकची पुढे फार नाचक्की झाली व तो तुरुंगात गेला. १९२६ साली आमुंडसेन त्याला तेथे मुद्दाम भेटून आला. १९२८ च्या मे महिन्यात ‘इटालिया’ ही वायुनौका उत्तरेच्या बर्फावर कोसळली. तिचा नायक नोबिले याच्याशी आमुंडसेनचे वाकडे होते. तरीही तो त्याच्या शोधार्थ विमानाने निघाला. पुढे समुद्रात त्या विमानाचा एक तरंगता भाग सापडला. आमुंडसेन सापडला नाही.