श्रीगाडगे महाराज : चिंध्यांतले वैभव

वाचक माउली, वेषावरून साधूची पारख करू नये, हे खरेच. पण श्रीगाडगे महाराजांचा वेष हेच त्यांचे अर्धे चरित्र आहे.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यात शेंडगावी, परीट घराण्यात डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म झाला. वडील व्यसनापायी लवकर गेले. आई सखूबाईंनी पोराला आपल्या माहेरी, दापुऱ्याला नेले. तिथे गुरे राखली, नांगर धरला. कुंताबाईंशी लग्न झाले, लेकरे झाली. आणि १ फेब्रुवारी १९०५ रोजी भरला संसार सोडून ते निघाले.

मग जवळ राहिले काय? चिंध्या जोडून केलेला अंगरखा, हाती काठी वा खराटा, आणि एक फुटके मडके. तेच जेवायचे ताट, तेच पाणी प्यायचे भांडे, उन्हात तीच डोईवरची टोपी! परिटाच्या घरी जन्मून लोकांची कापडे उजळ करणाऱ्या कुळाचा हा मुलगा स्वतः ठिगळांत राहिला. गावात शिरले की आधी गाव झाडायचे, संध्याकाळी कीर्तन करायचे, भाकर मागून खायची आणि पुढची वाट धरायची. पाया कुणाला पडू द्यायचे नाही.

आता मर्म पाहा. बाबांना द्रव्य मिळत नव्हते असे नाही. लोकांनी भरभरून दिले. त्यातून ऋणमोचनला पूर्णेवर घाट झाला. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपुरास अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना उतरायला जागा मिळेना, म्हणून तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली. ती पुढे १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. एवढे हातून गेले, पण अंगरख्याचे ठिगळ काही बदलले नाही. आलेला पैसा आपल्या अंगाला चिकटू द्यायचा नाही, हीच त्यांची अपरिग्रहाची व्याख्या.

या व्रताची किंमत एकट्या बाबांनी मोजली नाही, हेही सांगितले पाहिजे. कुंताबाई आणि लेकरे कष्टातच राहिली. १९२३ साली तरुण मुलगा गोविंद गेला. कोकणात कीर्तन चालू असताना ती वार्ता आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. ऐकणाऱ्याचा ऊर फुटावा असा तो प्रसंग. बाबांच्या त्यागाला नमस्कार करताना त्या माउलीला विसरू नये. तिने तर असा संसार मागितलाही नव्हता.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी मोटारीतच बाबांचा देह पडला.

आमच्या पिंपळगाव बसवंतला द्राक्ष-कांद्याच्या हंगामात चार पैसे हाती येतात, हा देवाचा प्रसादच. ते मिळवू नयेत असे बाबांनी कधी शिकवले नाही. कर्ज काढून लग्नाचा थाट आणि सण करू नका, एक वेळ जेवणाचे ताट मोडा पण पोरांना शिकवा, असे ते कीर्तनातून कळकळीने सांगत. बाबांसारख्या चिंध्या आपल्याला झेपायच्या नाहीत. पण नाशिकमार्गे त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघताना वळकटी बांधाल, तेव्हा एक जादा धोतर कमी घ्या. ते वाटेवरच्या उघड्या माणसाला द्या. ओझे हलके झाले की टाळ वाजवायला हात मोकळा राहतो. आणि आम्ही कीर्तनकारांनी बिदागीची पिशवी उघडताना ते फुटके मडके आधी आठवावे.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!