जोतीराव फुले आणि ग्रंथकारांची सभा

साताऱ्याहून पुण्यास येणारा वाटसरू कात्रजचा घाट उतरला म्हणजे पुढे त्यास तलाव लागतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळी, सुमारे १७५० साली, ह्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या चिरेबंदी नळाने पुणे शहरात नेले व ठिकठिकाणच्या हौदांत सोडले. काम खरोखर मोठे होते. परंतु त्या हौदांत महारमांगांनी भांडे बुडवू नये असा दंडक होता. पाणी तीन कोस चालून आले, आणि तहानेल्या मनुष्यापासून हातभर अंतरावर अडले.

ज्या पुरुषाने १८६८ साली आपल्या घरचा हौद ह्या लोकांस मोकळा केला, ते जोतीराव गोविंदराव फुले होत. त्यांच्या हौदाची गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. त्यांच्या लेखणीची तितकी नसेल, म्हणून आज ती सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली माळी कुळात झाला. आई त्यांच्या तान्हेपणीच वारली. शाळेत घातलेला मुलगा लोकांच्या सांगण्यावरून बापाने काढून मळ्यात लाविला. पुढे शेजारच्या दोघा सुजाण गृहस्थांनी, ज्यांत एक मुसलमान व एक ख्रिस्ती होते, बापाची समजूत घातली, तेव्हा तो १८४१ साली स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेला. तेथे विद्या झाली. टॉमस पेन ह्या ग्रंथकाराचे मनुष्याच्या हक्कांविषयीचे पुस्तकही त्यांच्या वाचनात आले. १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढिली व पत्नी सावित्रीबाई ह्यांस शिक्षिका केले. ह्यापायी दोघांस वडिलांचे घर सोडावे लागले.

पुढे त्यांनी महारमांगांच्या मुलांकरिता शाळा घातल्या. त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे नामक मांग मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला, तो १८५५ साली ज्ञानोदयात छापून आला. ज्यांच्या कानी अक्षर पडू नये असा निर्बंध होता, त्यांच्यातील एक शाळकरी पोर आपला न्याय मागावयास स्वतः उभी राहिली. आमच्या मते पुण्याच्या त्या वर्षाच्या सर्व लिखाणात ह्याहून मोठी गोष्ट झाली नाही.

त्याच साली जोतीरावांनी तृतीय रत्न हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. भटाच्या हातून नाडलेल्या कुणबी नवराबायकोस एक पाद्री विद्येचा महिमा समजावितो, व ती दोघे रात्रीच्या शाळेची वाट धरितात, असे त्याचे कथानक आहे. कमिटीने ते नापसंत केले. नाटक शंभर वर्षांहून अधिक काळ छापले गेले नाही. खेडोपाडी रात्रीचा वर्ग चालविणाऱ्या उपदेशक बंधूंनी ते अवश्य मिळवून वाचावे.

१८७३ साली गुलामगिरी निघाले. ते त्यांनी हबशी गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केले. त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुढे १८८३ साली शेतकऱ्याचा असूड लिहून झाला. त्याचा काही भाग दीनबंधूत आला. बाकीचा छापण्यास त्या पत्राचे संपादक, जे स्वतः जोतीरावांचे सहकारी होते, तेही कचरले. तेव्हा जोतीरावांनी हडपसर, जुन्नर, ओतूर येथे लोकांस जमवून पुस्तक वाचून दाखविले. ज्यांस वाचता येत नव्हते त्यांच्याच सुखदुःखाचे ते पुस्तक, मग ते त्यांच्या कानी न घालून कसे चालेल? शेतसारा, कर्ज, कारकुनांची लाच, पाणी अडविण्याकरिता बंधारे व तळी, सारे त्यात आहे.

१८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरावयाची होती. महादेव गोविंद रानड्यांनी जोतीरावांस बोलाविले. माळ्याच्या पोरास पंडितांच्या पंक्तीस बसण्याचा हा मान होता. दुसरा कोणी असता तर नवे पागोटे घालून गेला असता. जोतीरावांनी पत्राने नकार कळविला. जे सर्व मनुष्यांचे हक्क मनापासून मानीत नाहीत व तसे वागत नाहीत, त्यांच्या सभांशी व ग्रंथांशी आमचा मेळ बसणार नाही, आमची दुःखे त्यांच्या पुस्तकांत उतरणार नाहीत, अशा अर्थाचा तो मजकूर होता. हे पत्रही ज्ञानोदयानेच छापिले. रानड्यांचा हेतू चांगला होता, आणि नकार कठोर होता असे काहींस वाटेल. आम्हांस तो रास्त वाटतो. ज्या हौदावर आपल्या भावाच्या घागरीस मज्जाव आहे, तेथे एकट्यानेच पाणी पिण्यास का जावे?

जोतीरावांनी बाप्तिस्मा घेतला नाही, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. आणि आमच्या कित्येक मंडळ्यांतही घागरी निराळ्याच राहिल्या, हेही नाही.

१८८८ साली मुंबईच्या लोकांनी त्यांस महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी अर्धांगवायूने त्यांचे उजवे अंग गेले. तेव्हा ते डाव्या हाताने लिहू लागले. एकाच कुटुंबातील माणसांनी आपापल्या पसंतीचा निराळा धर्म पाळूनही प्रेमाने नांदावे, असे त्यांनी त्या शेवटच्या पुस्तकात लिहिले आहे. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले. दत्तक पुत्र यशवंत ह्याने सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक १८९१ साली प्रसिद्ध केले.