चौदा वर्षांच्या मुक्ताचा निबंध

पेशवाई बुडून ३७ वर्षं झाली होती, पण पुण्यातलं सोवळंओवळं काही बुडालं नव्हतं. त्याच पुण्यातल्या एका चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. अर्धा फेब्रुवारीत, उरलेला मार्चमध्ये. विषय होता मांग-महारांचं दुःख. मुलीचं नाव मुक्ता साळवे.

मुक्ता लहुजी वस्ताद साळवे यांच्या घराण्यातली. याच लहुजींच्या तालमीत जोतीराव फुले घडले. पुढे जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आधी मुलींसाठी आणि मग अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा लहुजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अशाच शाळेत मुक्ता शिकली. किती? जेमतेम तीन वर्षं!

तेवढ्या शिदोरीवर तिने थेट धर्मालाच प्रश्न घातला. वेद आम्ही पाहायचेसुद्धा नाहीत, तर मग आमचा धर्म कोणता, असं तिने देवालाच विचारलं. बाजीरावाच्या काळात तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या मांग-महारांचं काय होई, इमारतींच्या पायात त्यांना कसं गाडत, तेही मांडलं. ब्राह्मणांच्या मुलांनी दगड मारून रक्त काढलं, तरी आमची मुलं तक्रार करत नाहीत, कारण उष्टं मागायला पुन्हा त्याच दारी जायचं असतं, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. मांगांना आपल्याहून हलकं समजणाऱ्या महारांनाही तिने सोडलं नाही.

सगळ्यात आत लागतं ते बाळंतिणींविषयीचं. डोक्यावर छप्पर नाही, थंडी-पावसात बाळंतपण, आजार झाला तर वैद्याला द्यायला पैसा नाही. फुकट औषध देणारा एक तरी वैद्य तुमच्यात होता का, हा तिचा सवाल. चौदा वर्षांच्या पोरीने आपल्या वस्तीतल्या बायांचे हाल पाहिले होते. ते लिहिण्याजोगे आहेत, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

शेवटी ती आपल्याच लोकांकडे वळते. तुमच्या दुखण्यावर औषध एकच, ते म्हणजे ज्ञान, असं कळवळून सांगते.

ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ आलं ते १८८२ मध्ये, म्हणजे मुक्ताच्या निबंधानंतर २७ वर्षांनी. आज दलित स्त्रीच्या लेखनाची सुरुवात मुक्तापासून मोजतात. मात्र तिचं पुढचं लग्न, संसार, म्हातारपण यांतलं काहीच इतिहासाने जपलं नाही. तिच्या नावावर उरला तो हा एक निबंध.

मैत्रिणींनो, आपल्या घरातली मुलगी एखाद्या दिवशी निबंधाच्या वहीत अवघड प्रश्न लिहून आणेल. शुद्धलेखन तपासण्याआधी तो प्रश्न नीट वाचा. मुक्ताचा कुणीतरी वाचला, छापला, म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला.