बावन्न माणसांचा एक नट : प्रा. लक्ष्मण देशपांडे

प्रतिवर्षी ह्या स्मरणिकेत एका कर्तबगार पुरुषाचे चरित्र द्यावे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा आम्ही प्रा. लक्ष्मण देशपांडे ह्यांचे नाव सुचविले, तेव्हा ते आपल्या ज्ञातीचे काय, अशी पृच्छा झाली. प्रश्न रीतीला धरूनच होता. परंतु ज्या नटाने एकट्याने बावन्न माणसे रंगमंचावर उभी केली, त्यास कोणत्या एका ज्ञातीच्या खतावणीत मांडावे, हे आम्हांस तरी उमगले नाही.

लक्ष्मणरावांचा जन्म ५ डिसेंबर १९४३ चा. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. सरकारदरबारी व वरच्या शिक्षणात उर्दूचा अंमल होता. मराठी घरात, शेतात आणि देवळात नांदत होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हा मुलूख मुक्त झाला व १९५८ मध्ये औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. पुढे त्याच विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे लक्ष्मणराव प्रमुख झाले. प्राध्यापकी करणारा हा गृहस्थ रात्री महाराष्ट्राला पोट धरून हसवीत असे.

१९७९ मध्ये त्यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ रंगभूमीवर आले. लेखक, दिग्दर्शक व नट तेच. (येथील वऱ्हाड म्हणजे विदर्भाचा प्रांत नव्हे, लग्नाचे वऱ्हाड.) एकपात्री प्रयोग मराठी माणसास नवा नव्हता, पु. ल. देशपांडे ह्यांच्या ‘बटाट्याची चाळ’ने १९६१ पासून ती गोडी लावून ठेवली होती. पण ती चाळ मुंबईची. लक्ष्मणरावांनी आणली ती मराठवाड्याच्या मातीतील माणसे, त्यांच्या बोलीसह. ग्रामीण बोली नाटकात गड्याच्या तोंडी घालून हशा मिळविणे सोपे असते. लक्ष्मणरावांच्या प्रयोगात मात्र तीच घरधन्याची, वडीलधाऱ्यांची आणि पोरासोरांची भाषा होती. प्रेक्षक त्या माणसांना हसत नव्हते, त्यांच्या संगतीत हसत होते.

कथानक आपल्या सभासद कुटुंबांस जिव्हाळ्याचे वाटावे असेच आहे. खेड्यातील घरचा मुलगा लंडनला जातो, तेथील इंग्रज मुलीशी त्याचे लग्न ठरते आणि सगळे गणगोत विमानाने वऱ्हाडास निघते. सून अशी की तिला ना गोत्र ना कुळी. आपल्या वधूवर-नोंदणीच्या वहीत तिच्यासाठी रकानाच सापडला नसता! तरीही वऱ्हाड निघते, मानपान आणि रुसवेफुगवे बरोबर घेऊन निघते. पत्रिका आणि कूळ पाहिल्यावाचून पाऊल न उचलणारी आपली वडीलधारी मंडळीही हे लग्न पाहून हसली. ह्या हसण्यात आपण काय मान्य करून बसलो, ह्याचा विचार घरी परतताना कितीजणांनी केला असेल, कोण जाणे.

सुमारे तीन तासांत बावन्न पात्रे. सरासरीने पाहता एकेकाच्या वाट्यास साडेतीन मिनिटेही येत नाहीत. वेष बदलावयास सवड नाही, सोबतीस दुसरा नट नाही. मान एका अंगास कलली की म्हातारा, कंबर लवली की म्हातारी. दोन पावले सरून तोंड फिरविले की मघाच्या बोलण्याला उत्तर देणारा माणूस समोर. स्वर चुकला तर दोन पात्रे एकमेकांत मिसळावयाची आणि सगळा डाव मोडावयाचा. ही संहिता नुसती वाचली तर निम्मी गंमत हरपते, असे आमचे मत आहे. ह्या विक्रमाची नोंद गिनीज बुकात झाली. प्रयोगाच्या ध्वनिफिती घरोघर गेल्या आणि ज्यांनी नाट्यगृहाची पायरी चढली नव्हती, त्यांनाही त्यातील संभाषणे तोंडपाठ झाली. काही मराठी चित्रपटांतही ते दिसले. पण त्यांचे नाव राहिले ते ह्या एका वऱ्हाडामुळे.

२२ फेब्रुवारी २००९ रोजी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, ते गेले. नाटक एकाच देहात वसलेले, तेव्हा ते देहाबरोबरच संपणार, अशी धास्ती आम्हांस वाटत होती. परंतु बीड जिल्ह्यातून आलेले, चित्रपट व दूरचित्रवाणीवरील नट श्री. संदीप पाठक ह्यांनी पुढे ह्याच नाटकाचे प्रयोग आरंभिले. तीच बावन्न माणसे, तीच बोली घेऊन, पुन्हा लंडनला निघाली.