योहान वोल्फगांग डोबेरायनर
योहान वोल्फगांग डोबेरायनर (१३ डिसेंबर, इ.स. १७८० – २४ मार्च, इ.स. १८४९) हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ होते. शालेय पाठ्यपुस्तकांत ते मूलद्रव्यांच्या त्रिकांमुळे परिचित आहेत. उत्प्रेरणाच्या अभ्यासातील त्यांचे कार्य मात्र तितकेच मूलभूत असूनही कमी ज्ञात आहे.

आजच्या बव्हेरियातील हॉफ परिसरात एका घोडागाडीवानाच्या घरी त्यांचा जन्म झाला. औपचारिक शिक्षण जेमतेमच झाले. औषधनिर्मात्याकडे उमेदवारी करीत ते रसायनशास्त्र शिकले. स्वतःचे व्यवसाय अयशस्वी ठरले. तरीही इ.स. १८१० मध्ये त्यांना येना विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले. कवी ग्योटे यांच्याशी तेथे त्यांचा दीर्घ स्नेह जुळला.

प्लॅटिनमच्या काळ्या भुकटीच्या सान्निध्यात अल्कोहोलचे हवेतील ऑक्सिजनमुळे ॲसिटिक आम्लात रूपांतर होते, हे त्यांनी इ.स. १८२१ च्या सुमारास दाखवले. व्हिनेगर बनवताना हेच काम जिवाणू सावकाश करतात. अभिक्रियेत अल्कोहोल खर्ची पडे. धातू मात्र शिल्लक राही व पुन्हा वापरता येई. प्लॅटिनम महाग असल्याने ही बाब व्यावहारिकदृष्ट्याही महत्त्वाची होती. इ.स. १८२३ मध्ये सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडताच तो हवेत पेटतो, असे त्यांना आढळले. त्यावर आधारलेला दिवा आगकाड्यांपूर्वीच्या काळात युरोपभर खपला. पण त्यांनी पेटंट घेतले नाही.

स्वतः न संपता अभिक्रिया घडवणाऱ्या या गुणधर्माला तेव्हा नाव नव्हते. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी इ.स. १८३५ मध्ये अशा निरीक्षणांची एकत्र मांडणी करून त्याला 'कॅटॅलिसिस' ही संज्ञा दिली. डोबेरायनर अखेरपर्यंत येना येथेच राहिले.