मुलांच्या अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

अंगणवाडी हा शब्द आज देशभर सरकारी व्यवहारात रूढ आहे. त्याचे मूळ मात्र बोर्डी या समुद्रकाठच्या गावातील प्रयोगात, आणि तेथील एका अडचणीत आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. स्त्री-पदवीधर विरळ असतानाच्या काळात, १९१४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवली. पुढे राजकोटच्या अध्यापिका महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषवून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. मॉन्टेसरी पद्धत मराठी घरांत रुजू लागली, परंतु ती सुस्थित घरांत. महागडी साधने आणि वेळेवर आणून सोडलेली, स्वच्छ मुले ती गृहीत धरीत असे.

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ मध्ये, ताराबाईंनी बोर्डी गाठली. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. पालक मजुरीला जात. मुलांना वेळेवर आवरून पाठवायला घरी कोणी नसे. तेव्हा शिक्षिकाच वस्तीत जाऊन अंगणात वर्ग भरवू लागल्या. धडा सुरू होण्यापूर्वी आंघोळ, नखे, केस यांची व्यवस्था करावी लागे. परदेशी साधनांची जागा शिंपले, बिया, खडे आणि पाने यांनी घेतली. खर्च घटला; शास्त्र मात्र सोडले नाही. ताराबाईंचे खरे कर्तृत्व, आमच्या मते, येथे आहे.

१९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाड टेकडीवर गेले. वारली पाड्यांवर प्रश्न अधिक बिकट होता. मोठे मूल गुरे राखी किंवा धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसे, त्यामुळे शाळेचे दार त्याला बंदच राही. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. भावंड पाळणाघरात ठेवता आले की थोरल्यालाही वर्गात बसता येई. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरपर्यंत, सांभाळले.